मोरेश्वरकाकांचे पाय आणि माझा डावा कान

...आणि वर मलाच विचारतात, ‘इतकं घाबरण्यासारखं काय होतं त्यात?’ म्हणजे बघा! तुम्ही एखाद्याच्या घरी पूजेला गेलात, प्रसादाचा शिरा खाल्लात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकलात, आणि वाकल्याबरोबर ते अख्खं घर, तो सोफा, तो भिंतभर टीव्ही, तो चौरंग, सगळं गरागरा फिरायला लागलं तर तुम्ही काय कराल? समोर जे सापडेल ते धराल ना? मी मोरेश्वरकाकांचे पाय धरले. झालं! तेव्हापासून आमच्या चँडलरमध्ये, म्हणजे अ‍ॅरिझोनातल्या ह्या आमच्या गावात, माझं जे काही नाव झालंय ना...

मी घाबरट आहे, मान्य आहे! टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी मी किंचाळते. ऋषी, म्हणजे माझा नवरा, बिचारा टोस्टरपाशी उभा राहून ‘हं हिमानी, आता उडेल हं’ असं आधी सांगतो, आणि तरी मी किंचाळतेच. पण तुम्हाला सांगते, हे घाबरणं वेगळं होतं. कारण ते पूजेच्या दिवशी सुरू झालं नव्हतं. त्याच्या आधीपासून चाललं होतं. सकाळी अंथरुणात डावीकडे वळले की छत फिरायचं. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला मान वर केली की किचन फिरायचं. जरा वेळ घट्ट डोळे मिटून उभी राहिले की थांबायचं, आणि मग मी पोहे भिजवायला घ्यायची, जसं काही झालंच नाही.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला का नाही सांगितलं? अहो, सांगणारच होते! पण त्याआधी मी इंटरनेटवर बघितलं. आणि तीच चूक झाली. मी नागपूरची एम.एस्सी. बॉटनी. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी करायची परवानगी नाही, गाडी शिकतेय पण फ्रीवेवर घालायची हिंमत नाही, म्हणजे दिवसभर घरात मी आणि काँप्युटर. चक्कर येण्याची कारणं वाचायला बसले. थकवा, भूक, पित्त, रक्त कमी, कान, सगळं होतं तिथे. पण माणूस थकव्यावर थांबतो का? नाही थांबत! माणूस खाली खाली जातो. सगळ्यात खाली होतं, ब्रेन ट्यूमर. मी तिथे थांबले.

मग काय! त्या दिवसापासून मी ऋषीच्या दुसऱ्या लग्नाचं बघायला लागले. हसू नका! माझ्यामागे ह्या माणसाचं कसं व्हायचं? ह्याला सांबार आणि आमटीतला फरक कळत नाही. त्याच्या चिप कंपनीत दीपा म्हणून एक मुलगी आहे, पुण्याची, फ्रीवेवर एका हाताने गाडी चालवते, पाल दिसली तर चपलेने बाहेर लोटते. मी मनात तिचं नक्की केलं. एकदा जेवायला आली तेव्हा तिला मी श्रीखंड दोनदा वाढलं, आणि वाढताना माझ्या डोळ्यांत पाणी. ती म्हणते, “हिमानी, यार, बस बस! डाएटवर आहे मी!” मी म्हटलं, “खा गं, तुलाच सगळं खायचंय आता.” तिने माझ्याकडे असं बघितलं...

आणि मग आली ती पूजा. देवयानीवहिनींनी नवं घर घेतलं, त्याचा सत्यनारायण. जानेवारी महिना. आमच्या अ‍ॅरिझोनात सगळ्यांचे आई-वडील थंडीतच येतात, कारण उन्हाळ्यात आणले तर भाजून निघतील. त्यामुळे वहिनींच्या त्या लांबलचक सोफ्यावर ओळीने सगळी वडीलधारी मंडळी बसलेली. पायांत मोजे, अंगात मुलांच्या कंपनीचे जॅकेट, मांडीवर प्रसादाच्या प्लेट. आता तुम्हीच सांगा, पूजा झाल्यावर पाया न पडता निघता येतं का? नाही येत! आणि एकाच्या पडून पुढच्याच्या न पडता पुढे जाता येतं का? अजिबात नाही!

पहिल्या अहिल्यामावशी. वाकले, घर जरासं हललं, उठले. “सौभाग्यवती भव!” दुसरे जगन्नाथकाका. वाकले, घराने अर्धी गिरकी घेतली, उठले. “सुखी राहा!” तिसरे मोरेश्वरकाका... वाकले, आणि घर सुटलं! सुटलंच! मी डोळे मिटले, गुडघ्यांवर बसले आणि काकांचे दोन्ही पाय मोज्यांसकट घट्ट धरले.

काका आधी खूश. “औक्षवंत हो बाळ!” मी सोडेना. “यशवंत हो!” मी सोडेना. “पुत्रवती हो... ग्रीन कार्ड लवकर मिळो...” मी सोडेना! आता माणसाकडे आशीर्वाद असून असून किती असणार? काकांचे संपले. ते हळूच अहिल्यामावशींना म्हणाले, “अहो, ही उठत का नाही? काही मागतेय का?” मावशी गहिवरून म्हणाल्या, “मागत नाहीये हो. लीन झालीय पोरगी. हल्ली असले संस्कार राहिलेत कुठे!” मी घाबरट आहे, मान्य आहे! पण ‘लीन नाही हो, मला चक्कर येतेय’ एवढं सांगायला तोंड उघडायला हवं ना, आणि तोंड उघडलं तर शिरा बाहेर येईल अशी परिस्थिती!

मग घर थांबलं. मी उठले. डोळ्यांतून पाण्याची धार. देवयानीवहिनींच्या मुलाने विचारलं, “मॉम, व्हाय इज आंटी क्रायिंग?” वहिनी म्हणाल्या, “सोनू, दॅट इज कल्चर.”

परत येताना गाडीत ऋषी म्हणाला, “छान झालं सगळं, पण तू काकांचे पाय जरा जास्तच...” आणि माझा बांध फुटला. म्हटलं, “ऋषी, मी गेल्यावर तू दीपाशी लग्न कर. मी तिला श्रीखंड खाऊ घातलंय.” त्याने गाडी थेट एका टायरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये घातली. “कुठे गेल्यावर? कोणाशी? कसलं श्रीखंड?” मग मी सगळं सांगितलं, छत, पोह्यांचा डबा, काँप्युटर, ट्यूमर. एरवी चेष्टा करणारा माणूस! नुसता माझा हात धरून बसला, आणि तुम्हाला सांगते, त्याचा हात माझ्यापेक्षा गार होता. तेव्हा मी खरी घाबरले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरने पाठवलं कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं, डोकं माझं जाणार आणि हे कान काय बघतात? डॉक्टर हॉलोवे म्हणून एक बाई. उंच, पांढरे केस, गळ्यात चष्मा. आधी मला एका काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाब. पहिला ‘टूं’ झाला, मी किंचाळले. बाहेरची मुलगी म्हणाली, “ओके, दॅट काउंट्स.” ऐकू उत्तम येत होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चक्कर नक्की कधी येते? मी म्हटलं, “व्हेन आय टच फीट.”

“युवर फीट?”

“नो, नो. अदर पीपल्स फीट.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “व्हूज?”

आता काय सांगणार! म्हटलं, मोरेश्वरकाका, अहिल्यामावशी, जगन्नाथकाका. बाईंनी शांतपणे विचारलं, “आर दे ऑल इन युवर हाउस?” मी म्हटलं, “नो, ऑन द सोफा.” ऋषीने तोंडावर रुमाल धरला. शेवटी मी उठले आणि करूनच दाखवलं, त्यांच्या त्या पांढऱ्या बुटांपाशी वाकून! आणि वाकले मात्र, दवाखाना फिरला! मी त्यांचे बूट धरले. पण ही बाई आशीर्वाद देत बसली नाही हो. ती खाली वाकून माझे डोळे बघत होती. “अहा!” म्हणाली. अशी आनंदाने म्हणाली, की मला वाटलं, सापडला, ट्यूमर सापडला.

मग मला टेबलावर बसवलं, मान डावीकडे वळवली आणि एकदम मागे आडवी केली, डोकं टेबलाच्या बाहेर लोंबतंय! मी घाबरट आहे, मान्य आहे! पण त्या वेळी तुमच्यातला भला भला शूर माणूसही आईला हाक मारेल. मी मारली. “आई गं!” सगळं जग फिरतंय, आणि ही बाई माझं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणतेय, “वंडरफुल, वंडरफुल, कीप युवर आइज ओपन!” मग डोकं उजवीकडे, मग मला कुशीवर, मग तोंड जमिनीकडे, मग हळूच बसवलं.

आणि म्हणाली, ब्रेन ट्यूमर वगैरे काही नाही. कानाच्या आत बारीक बारीक खडे असतात, ते तुझ्या डाव्या कानात जागेवरून सुटून भलत्याच नळीत गेलेत. मान वाकवली की ते घरंगळतात आणि कान मेंदूला सांगतो, बाई फिरतेय. कानाला खडा लावतात हे ऐकलं होतं, पण कानात खडा? “मग औषध?” “झालं ना आत्ता.” “मग स्कॅन?” “नको.” “मग मी...?” बाई हसल्या. “यू आर गोइंग टु बी अराउंड अ लाँग टाइम, डिअर.”

अहो, मी त्या बाईच्या गळ्यात पडून जी रडले! इतके दिवस मनातल्या मनात माझं मंगळसूत्र, माझ्या कुंड्या, माझा नवरा, सगळं दीपाला देऊन बसले होते, आणि ते सगळं एका मिनिटात मला परत मिळालं. ऋषी खिडकीकडे तोंड करून उभा होता. पाठीवरून कळत होतं.

दोन दिवस मान वाकवायची नाही, बसून झोपायचं, एवढीच अट. तिसऱ्या दिवशी मी अंगणात जाऊन मान मागे टाकून पाम झाडाचा शेंडा बघितला. शेंडा जागेवर! आकाश जागेवर! खूप वेळ बघत बसले. मग आत आले आणि दीपाला फोन करून सांगितलं, “अगं, पुढच्या वेळी श्रीखंड एकदाच हं.”

इथे संपायला हवं होतं ना? पण आपल्या माणसांत काही संपतं का? नुसती मान फिरवून बरी झाली, ही बातमी चँडलरभर. आणि इथे आलेल्या आई-वडिलांना अमेरिकन डॉक्टरकडे जायचा भारी कंटाळा. परवा शेजारच्या एकनाथचा फोन. “वहिनी, आईला घेऊन येतो, तुम्ही जरा तिची मान फिरवून द्याल का?” म्हटलं, चक्कर येते का शोभनाकाकूंना? तर म्हणे, “नाही, गुडघा दुखतोय.”

मी म्हटलं, अहो, गुडघ्याचा आणि मानेचा काय संबंध? मी डॉक्टर नाही, मी बॉटनी! पण मागून शोभनाकाकूंचा आवाज, “तिला म्हणावं, तुझ्या हाताला गुण असेल, तर संबंध देव लावील.” आल्या. सोफ्यावर पडल्या. मी देवाचं नाव घेतलं, तान्ह्या बाळाची फिरवावी तशी त्यांची मान कणभर इकडे, कणभर तिकडे केली, वर कपभर आल्याचा चहा पाजला आणि म्हटलं, काकू, प्लीज डॉक्टरला दाखवा.

काकू उठल्या, चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, “थांबला की गं!”

आता शनिवारी तीन गुडघे यायचेत.