केरबातात्याचा पहारा

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, नाहीतर आमचे पेटीवाले बुवा म्हणतील, उत्तर आलंय, चला आरती करा!

आपण उठता बसता माउली म्हणतो. देव माउली, गुरू माउली, चहावाला माउली. एसटीचा कंडक्टरसुद्धा माउली! त्यानं उभं राहून जायला सांगितलं की मग मात्र तोंडातून वेगळंच काहीतरी येतं. ते असू द्या. प्रश्न असा, की माउली म्हणायचं कुणाला? गोड हाक मारते तिला? का जवळ घेते तिला?

सोपं वाटतं ना? बोरजाईवाडीच्या केरबातात्यालाही सोपंच वाटत होतं. उभा जन्म माउली माउली म्हणण्यात गेला, आणि उत्तर कुणी दिलं त्याला? एका कोंबडीनं!

बघा, बघा, पुढच्या रांगेतले माळकरी कसे दचकले! आणि मागं खांबापाशी बसलेत ते एकदम सावरून बसले! अहो, कोंबडीची कथा आहे, कोंबडीचा बेत नाही!

तर हा केरबातात्या. डोंगराच्या कुशीत शेत, शेतातच घर, बाजूला गोठा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. आणि गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा! शहरातून पाहुणे आलेत म्हणून सांगतो. सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकानं गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं, वेळ झाली की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. दुसरा आला नाही? तर पाय मोडले तरी उभं राहायचं! केरबातात्यानं पोरवयापासून पहारा केला, एकदाही चुकवला नाही. ताप अंगात घेऊन उभा राहिला. त्याचा उत्तम जन्मला, तेव्हाही तात्या कुठं होता? वीणेपाशी! लोक म्हणत, पहारा करावा तर केरबातात्यानं! आणि हे तात्याला ऐकू येत होतं बरं का. कान चांगले होते त्याचे.

हा उत्तम आता फौजेत. पार वर, बर्फात. घरी त्याची बायको सारिका आणि तात्या, दोघंच. सारिकाला एक नाद. हातात मोबाईल घ्यायचा आणि शेतातलं जे दिसेल ते त्यात भरायचं. म्हैस पान्हवली, भर! पावट्याला फूल आलं, भर! कुत्रं उन्हात लोळलं, भर! आणि संध्याकाळी द्यायचं नवऱ्याला पाठवून.

तात्या म्हणायचा, "पोरी, त्या म्हशीला काय बघायचंय? रोज तीच म्हस!"

ती म्हणायची, "तात्या, त्यांच्याकडं नुसतं पांढरं हाय सगळं. आपली म्हस बघितली की त्यांना जेवण जातं."

म्हशीच्या तोंडाकडं बघून घास उतरतो, हे काही तात्याच्या पोथीत नव्हतं.

सारिकाला दुसरा नाद कोंबड्यांचा. आता माळकऱ्याच्या घरात कोंबडी! तात्यानं नेम घालून दिलेला. कोंबडी गोठ्याच्या अलीकडं यायची नाही. कोंबड्या झाकायच्या डालग्याला हात लागला तर आंघोळ, पीस उडून अंगावर पडलं तर आंघोळ! त्यामुळं वारा सुटला की तात्या दिवसभर ओलाच.

त्या साली मार्गशीर्षाच्या तोंडावर तिची कवडी नावाची कोंबडी खुडूक झाली. खुडूक म्हणजे काय? अंडी उबवायची वेळ आली की कोंबडी दाणा सोडते, हिंडणं सोडते, हटून एका जागी बसते. सारिकानं पाटीत भुसा घातला, अंडी मांडली, कवडीला बसवली, आणि रोज मोबाईल घेऊन समोर उकिडवी!

बसली कवडी. ना भूक, ना तहान. दिवसाकाठी क्षणभर उठायची, चार दाणे टिपायचे की परत पाटीत. अहो, आपला सप्ताह सात दिवसांचा. तोही मांडव, पंगत, माईक, आणि पहाऱ्याला माणसं आळीपाळीनं! तिचा सप्ताह तीन आठवड्यांचा, आणि पहारेकरी एकटी! तिची पाळी घेणारं कोण होतं हो? कुणीच नाही!

आणि मग एके दिवशी दुपारी सारिका ओरडतच आली, "तात्या! तात्या, चला लवकर! अंड्यातनं बोलतंय!"

"काय बोलतंय?"

"पिल्लू! आतनं बोलतंय!"

तात्या गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला. आत कसा जाईल? नेम! तिथूनच कान लावला. सारिकानं मोबाईल पाटीपाशी धरलेला. आणि मंडळी, आता जरा टाळ खाली ठेवा. सगळे गप्प व्हा. असं गप्प व्हा, जसा तो गोठा गप्प झाला होता.

अंड्यातून आवाज आला. च्यॅव... इतकाच. कवच फुटलेलं नाही. चोच दिसत नाही. डोळ्यांनी अजून उजेड बघितलेला नाही. आणि आतून ते लेकरू विचारतंय. काय विचारत असेल हो? दुसरं काय विचारणार? "आई, आहेस का?"

आणि कवडीनं मान वाकवली, चोच अंड्याशी नेली, आणि पोटातल्या पोटात बोलली, टुक्... टुक्... "आहे रे, आहे."

जन्मच झाला नाही अजून! आणि हाक चालू, ओ चालू! कुणी शिकवलं? अंधारात बसलेल्या त्या इवल्याशा जिवाला कुणी सांगितलं की बाहेर कुणीतरी आहे? आपल्याला साठ वर्षं कीर्तनं ऐकून खात्री पटत नाही! केरबातात्याचे हात आपसूक जोडले गेले. पण पाऊल? पाऊल उंबऱ्याच्या बाहेरच!

पिल्लं निघाली. पिवळी, काळी, ठिपक्यांची. कवडीनं पंख पसरले की सगळी आत गुडूप! सारिकानं तेही भरलं, कवडीचं टुक् टुक्सुद्धा. पिल्लं अजून हातभर लांब गेली नव्हती, तोवर गावात सप्ताह बसला.

आणि एका पहाटे गोठ्यात मुंगूस शिरलं.

सारिका धावली तेव्हा कवडी डालग्याच्या तोंडाशी आडवी पडलेली. मान फाटलेली, पण पंख? पंख पसरलेलेच! पोटाखाली पिल्लं सगळी शाबूत. ती मेली, मंडळी, पण जागा सोडली नाही. पहारा म्हणतात तो हा!

आता काय करायचं? बाहेर मार्गशीर्षातली थंडी, पिल्लं कापसाएवढी. दिवा लावून ऊब द्यावी, तर वाडीची डीपी जळालेली, वीज नाही. त्यात त्या दिवशी महाप्रसादाच्या भाकऱ्यांची पाळी यांच्याच घराची! बायका हाका मारायला लागल्या. सारिकाचे डोळे भरलेले. ती म्हणाली, "तात्या, पिल्लं घरात चुलीपाशी ठेवू का? चुलीचा वैल अजून कोमट हाय."

तात्या म्हणाला, "घरात? अगं देवघर हाय घरात!"

ऐकलंत? देवघर आहे, म्हणून जागा नाही! आपण नाही ना असं कधी म्हणत? बरं, पुढं चला.

सारिकानं तिथंच गोठ्यात पिल्लांवर पोतं टाकलं. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिनं मोबाईल काढला आणि कवडीचा आवाज लावला. टुक्... टुक्... आणि काय सांगू! रडणारी पिल्लं धडपडत निघाली आणि त्या मोबाईलच्या काचेला जाऊन बिलगली. मेलेली आई ओ देत होती!

"तात्या, पंगतीचं आटपलं की आलेच. आवाज बंद पडला, तर हितला ह्यो त्रिकोण दाबा. एवढंच करा." ती गेली.

तात्या राहिला उंबऱ्यापाशी. पहाऱ्याला जायला अवकाश होता. आवाज बंद पडला की पिल्लांचा आकांत! तात्यानं तुरीची काटकी घेतली आणि लांबून, हात न लावता, त्रिकोण दाबला. टुक् टुक्. पिल्लं शांत. परत बंद, परत काटकी. मनात म्हणतोय, वा! माळही राखली, जीवही राखले!

थोड्या वेळानं आवाज पुन्हा थांबला. तात्यानं काटकी पुढं केली. सगळी पिल्लं हलली. एक हललं नाही.

काळं होतं, सगळ्यांत पुढं. काचेला चोच लावून, अगदी आवाजाला चिकटून बसलेलं. तात्यानं काटकीनं ढोसलं. ते कलंडलं. गारठून मेलं होतं.

आवाजापाशी! आईच्या आवाजाला गळामिठी घालून मेलं! हाक पोचली होती, ओ मिळाली होती, पण ऊब कुठं होती? काच गार, मंडळी. काच गारच असते.

केरबातात्याच्या हातातली काटकी गळून पडली. त्याला एकदम कळलं, ही काटकी आपण जन्मभर वापरली! लांब उभं राहायचं, त्रिकोण दाबायचा, माउली माउली! आवाज गोड. पण कुणाला जवळ घेतलं आपण? उत्तमला कधी मांडीवर घेतला? आठवेना. खरंच आठवेना! म्हातारा रडला.

मग तो उंबऱ्याच्या आत गेला. कोपरीचे बंद सोडले. एकेक पिल्लू उचललं आणि उघड्या पोटाशी लावलं. वरनं कोपरी, त्यावर घोंगडी. तुळशीच्या मण्यांत पिल्लांचे पाय अडकायला लागले, तेही सोडवले. आणि नामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, म्हणून हळूच पुटपुटला, "रामकृष्णहरी... रामकृष्णहरी..." आतून आलं, च्यॅव. त्यानं परत म्हटलं. परत आलं, च्यॅव! इतकी वर्षं नाम घेतलं, ओ आजच आली!

इकडं देवळात काय? पहारा बदलायची वेळ टळली. आधीच्या पाळीच्या दगडूनानाच्या गळ्यात वीणा. केरबातात्याचा पत्ता नाही! असं कधी घडलं नव्हतं. नानाचे पाय भरून आले, डोकं तापलं. वीणा टेकवता येत नाही, थांबता येत नाही. मग काय? वीणा गळ्यात, नाम तोंडात, नाना तसाच निघाला तरातरा शेताकडं. मागं टाळकरी!

गोठ्याच्या दारातून नाना गरजला, "केरबा! लाज हाय का न्हाई? वीणा तिष्ठत ऱ्हायलीय!"

तात्या जागचा हलला नाही. म्हणाला, "नाना, वरडू नगंस. झोपल्यात."

"कोण झोपल्यात?"

तेवढ्यात कोपरीच्या गळ्यातून एक पिवळं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. माळेच्या मण्यांमधून नानाकडं टुकुटुकु बघायला लागलं!

"मी पहाऱ्यावरच हाय नाना," तात्या म्हणाला. "ह्यांची आई ह्या जागी मेली. मला उठता येत न्हाई."

नाना कोंबडीकडं बघतोय. काचेपाशी कलंडलेल्या काळ्या पिल्लाकडं बघतोय. मग तात्याकडं. नानाचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. त्यानं मान लववली, कुणापुढं ते त्यालाच माहीत. म्हणाला, "बस केरबा. तुझी पाळी मी करतो." आणि नाम घेत देवळाकडं परत गेला. दुखऱ्या पायांनी!

सारिका आली. दारातच थबकली. तात्या तिला म्हणाला, "पोरी, चूल पेटीव. देवघराशेजारी जागा कर. आजपास्नं ही घरात." आणि सारिकानं काय केलं असेल? मोबाईल उचलला आणि सासऱ्याला भरून घेतला!

संध्याकाळी उत्तमचा फोन आला. तिनं मोबाईल तात्याच्या पुढ्यात धरला. पडद्यावर पोराचं तोंड, टोपीत गुंडाळलेलं. पोरगं नुसतं बघतंय बापाकडं, बापाच्या पोटाशी निजलेल्या पिल्लांकडं. मग हसल्यासारखं केलं आणि म्हणालं, "तात्या, हितं लई गार हाय बघा."

आणि तोंड फिरवलं. फौजेतला गडी! थोड्या वेळानं परत वळला. पण मधेच रेंज गेली, चित्र थिजलं. नुसता आवाज राहिला, तुटत तुटत, "तात्या?... आहात का?"

केरबातात्यानं तो मोबाईल दोन्ही हातांनी उचलला. काटकी नाही, दोन्ही हातांनी! काच गार होती. कोपरीत सरकवला, पिल्लांच्या शेजारी, उघड्या छातीशी. आणि मान वाकवून बोलला, "आहे रे, आहे. ये तू. लवकर ये. जागा ठेवलीय."

...

आता माझं ऐका. मघापासून बघतोय, तुमच्यातल्या निम्म्यांनी मोबाईल वर धरलेत. कीर्तन भरून घेताय. घ्या! घरी जाऊन ऐका, मला आनंद आहे. पण आवाजच जाईल तुमच्याबरोबर. त्यात ऊब नाही यायची, ती मांडीत असते, आणि मांडी तुमची तुमच्याकडं आहे! घरी म्हातारी खोकत असेल. पोरगं कोपऱ्यात रुसून बसलं असेल. बायको दिवसभर राबून उंबऱ्याशी टेकली असेल. कुणीतरी आतून, अजून न फुटलेल्या कवचातून, विचारतंय, "आहेस का?" लांबून काटकीनं त्रिकोण दाबू नका, बाबांनो!

मोबाईल खाली ठेवा. शेजारी कोण बसलंय, त्याच्या हातावर हात ठेवा. लाजू नका! ठेवला? लागतीय ऊब? मग मृदंगवाले बाबा, धरा ठेका, आणि सगळ्यांनी मिळून त्या विठूला विचारा, "आहेस का?" ओ कुठून येते बघा. देव्हाऱ्याकडं बघू नका. हाताखाली बघा!