आष्टीत दोनदा मरायचं

बेबीनंदा : फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, रामराव. एवढ्या उन्हात आष्टीहून जालन्याला आलात, अन् काय सांगायला? तर औंदा जत्रेला नाटक न्हाई!

रामराव : फोन लावल्ता की. तुम्ही उचलायच्या आत मीच बंद केला. म्हणलं, दरसाल सुपारी घेऊन हौसेनं येतो, मंग न्हाई म्हणायला तोंड काहून लपवावं?

बेबीनंदा : तीर्थपुरीवाल्यानं तर मेसेजच पाठवला. हात जोडल्याचं चित्र अन् खाली एक शब्द, मंदी. बस, झालं! घनसावंगीकडच्या गावांनी तेवढं बी न्हाई केलं. तुमची आष्टी तेवढी उरली होती. मी कालच साडीला खळ घातली.

अक्षता : आई, आधी त्यांना पंख्याखाली बसू तर दे. काका, तिकडं नका, टाचण्या टोचतील. आईनं साड्यांच्या फॉल-पिकोचं काम घेतलंय ना, सगळं घर साड्यांनी भरलंय.

रामराव : अक्षता ना तू? केवढी झालीस! बियाण्याच्या कंपनीत लागलीस म्हणं.

अक्षता : हो, लॅबमध्ये आहे. बियाणं उगवतं का नाही, ते तपासते.

रामराव : मंग तेवढं तपासून सांग बरं, आमचं नाटक पुन्हा उगवंल का ते.

अक्षता : ती मशीन अजून आली नाही आमच्याकडं.

बेबीनंदा : पण झालं तरी काय? दुष्काळात बंद पडलं न्हाई तुमचं नाटक. टँकरचं पाणी पिऊन तोंडाला रंग लावलाय मी आष्टीत.

रामराव : दुष्काळात तर उलट गर्दी लोटायची, बाई. घरी बसून करायचं काय? हे मंदीचं निराळंच हाय. वर्गणी खरी कोण देत होतं? इथं जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आलेली आमची पोरं. आता दोन पाळ्यांची एक पाळी झाली. माझा पोरगा कल्याण दिवाळीपासून घरीच बसून राह्यलाय. त्याच्याकडं कोणत्या तोंडानं वर्गणी मागू? मंडपवाल्यानं बी निम्मं सामान विकून टाकलं. आपल्या नाटकातला तातेराव म्हणला, बिगर माईकचं करू. तर पोरं हसली.

बेबीनंदा : हसायला काय झालं? बिगर माईकचं केलंय की आपण. त्या साली बत्ती गेल्ती, तवा गावानं बैलगाडीचे कंदील आणून लावले. मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून तुम्ही एवढे ओरडलात, की प्रेमाची बोलणी बी भांडणासारखी वाटली.

रामराव : अन् दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला. आठ दिवस बैलाला हाक मारता येईना.

अक्षता : मला तो प्रयोग आठवत नाही. पण आई दोनदा मेली होती, तो चांगला आठवतो. मी रडले होते.

रामराव : आठवतं तुला? एवढीशी होतीस, शाळेच्या खोलीत पडद्यांच्या गठ्ठ्यावर झोपायचीस.

बेबीनंदा : त्यात माझा काय दोष? आदल्या राती तीर्थपुरीला तेच नाटक. त्यांनी तिसरा अंक कापून टाकल्ता, म्हणून मला दुसऱ्यातच मरायला लावलं. रात जागून, बसमध्ये मान टाकून तुमच्याकडं आले. दुसरा अंक आला, मी आपली सवयीनं मेले.

रामराव : मेले म्हणजे काय, धाडकन पडल्या! मी समोर हुभा, नाटकातला नवरा. मला घामच फुटला. म्हणलं, आता तिसऱ्या अंकात मी घराबाहेर कोणाला काढू? विंगेत बघितलं तर तातेराव बिडी पीत बसल्ता.

बेबीनंदा : मी डोळे मिटूनच पुटपुटत होते, रामराव काहीतरी करा, रामराव काहीतरी करा.

रामराव : मंग तातेराव धावत आला. पण दुसऱ्या अंकात तो होता फौजदार, अन् तिसऱ्यात डॉक्टर. आला तो टोपी-दांडक्यासकट. नाडी धरली अन् म्हणला, "मी पोलीस असलो म्हणून काय झालं, मला नाडी बराबर समजते. बाई जिती हाय!"

अक्षता : आणि काय टाळ्या! पोरं शिट्ट्या मारत होती.

रामराव : टाळ्यांचं तर इचारू नको! पुढच्या साली आम्ही नीट केलं, जागच्या जागी मेल्या बाई, तर गाव रुसलं. सरपंच म्हणले, आमच्याकडं दोनदा मरायचं ठरलंय. तवापासून आष्टीत बाई दोनदा मरतात.

बेबीनंदा : बाकी सगळ्या गावांत एकदा, अन् आष्टीत दोनदा. पैसे मात्र एकाच मरणाचे.

रामराव : हा! पण शिरा दोन मरणांचा असायचा. डबा गच्च.

अक्षता : तो शिरा! काका, तो कोण करायचं हो? खोबरं घातलेला, गरम. आई मला पहाटे उठवून भरवायची. अजून तसा शिरा मी कुठं खाल्ला नाही.

रामराव : आमच्या घरातून यायचा तो. आमची पुष्पा करायची. गावातल्या बायांनी ठरवल्तं, नाटकात का होईना, जी बाई मेली ती गोड खाल्ल्याबिगर वेशीबाहेर जाऊ द्यायची न्हाई. गावाला बाधतं म्हणं. नाटक सुटलं की पुष्पा तशीच चुलीला लागायची, अन् पहिल्या बसच्या आत डबा शाळेत.

अक्षता : पण काकूंना मी कधी पाहिलंच नाही.

बेबीनंदा : मी तरी कुठं पाह्यलंय? पंचवीस-सव्वीस वर्षं त्या माउलीच्या हातचं खाल्लं. रस्त्यात समोर आली तर वळखायची न्हाई मी.

अक्षता : असं कसं? काका, तुमचं घर शाळेला लागूनच होतं ना? ते हिरवं फाटक?

रामराव : हाय की. तेच.

अक्षता : मग इतक्या वर्षांत आई तुमच्या घरात जेवली नाही? एकदाही?

बेबीनंदा : अक्षू, पाणी आण जा त्यांना.

अक्षता : आणते. पण त्यांना बोलू दे ना.

रामराव : माय होती आमची, पोरी. जुन्या वळणाची. तिच्यापुढं कोणाचं चालत नव्हतं.

अक्षता : आजी वारल्या त्याला किती वर्षं झाली?

रामराव : झाली बरीच. तू शाळेत होतीस तवा.

अक्षता : मग त्यानंतर?

रामराव : त्यानंतर सवय. डबा शाळेत जायचा, म्हणून शाळेतच जात राह्यला. कोणी इचारलं न्हाई, मी बी मनावर घेतलं न्हाई.

अक्षता : पण पहिल्या अंकात तुम्ही आईच्या हातून घास खायचात. अख्ख्या गावासमोर. तो कसा चालायचा?

रामराव : तो... तो यशोदेच्या हातचा असायचा ना. नाटकातल्या बायकोच्या.

बेबीनंदा : तो तरी कुठं चालला, अक्षू? पहिल्या साली नाटक सुटल्यावर ह्यांच्या मायनं ह्यांना दारातच आंघोळ घातली. अर्ध्या राती, हिरीच्या गार पाण्यानं.

रामराव : तुम्हाला ठाऊक हाय ते?

बेबीनंदा : तातेरावच्या पोटात काय राह्यतंय का? बसस्टँडवर येऊन सांगून गेल्ता. हसत सांगितलं त्यानं, मी बी हसले.

रामराव : अन् तरी दरसाल आलात?

बेबीनंदा : नाटक होतं ना, रामराव. नाटकासाठी माणूस लई काय काय गिळतो. तो पडदा वर जायचा, समोर सगळं गाव बसलेलं. दिव्यांच्या उजेडात तोंडंच तोंडं. मी पदर सावरून पहिलं वाक्य बोलले की पार मागं लिंबाखाली बसलेली म्हातारी सुद्धा बोलायची बंद व्हायची. मला दुसरीकडं कुठं मिळायचं ते? शिलाई मशीनवर मिळतं का? खरं सांगते, तुमची बस आली असंल म्हणून सकाळपासून वाट बघून राह्यले होते मी. तुम्ही रिकाम्या हातानं दारात दिसलात, तवाच समजले. आष्टी गेली म्हणजे माझं सगळंच गेलं. आता मी फक्त फॉल लावणारी बाई.

रामराव : तसं म्हणू नका. माझं बी काय उरलं? गावात अजून पोरं मला नाटकातल्या नावानं हाक मारतात. पुढच्या साली जी पोरं मोठी होतील, त्यांना ते नाव बी ठाऊक नसंल. पण मी रिकाम्या हातानं न्हाई आलो, बाई. निरोप घेऊन आलोय. सांगायला तोंड उघडंना, म्हणून इतका येळ तातेरावच्या गोष्टी सांगत बसलो.

बेबीनंदा : कोणाचा निरोप?

रामराव : पुष्पाचा. परवा जत्रेच्या कमिटीची बैठक उठली, घरी येऊन सांगितलं, औंदा न्हाई. तर ती भांडलीच माझ्याशी. म्हणली, तुमचं नाटक गेलं त्याचं तुम्ही बघा. पण ती बाई आता कशानं येईल आपल्या गावाला? इतकी वर्षं मी तिला शिरा पाठवला, अन् तिच्याशी एक शब्द बोलले न्हाई. नाटकाच्या भरवशावर राह्यले. म्हणली, जा, अन् तिला जेवायला बोलवून या. शाळेत न्हाई, घरात.

(बेबीनंदा मशीनचं चाक हातानं नुसतंच फिरवत राहते.)

अक्षता : आई, तू जाऊ नकोस. नाटक संपल्यावर आठवण झाली यांना.

बेबीनंदा : रामराव, एक इचारते. औंदा नाटक झालं असतं तर हा निरोप आला असता का?

रामराव : खरं सांगू?

बेबीनंदा : खोटं बोलायला आता स्टेज कुठं राह्यलंय?

रामराव : न्हाई. नसता आला. डबा शाळेत गेला असता, तुम्ही पहिल्या बसनं निघाल्या असत्या. कोणाच्या ध्यानात बी आलं नसतं. माझ्या तर बिलकुल न्हाई. शरम वाटते सांगायला, पण असंच झालं असतं.

अक्षता : निदान खरं बोललात.

बेबीनंदा : मला भीती वाटते, रामराव.

रामराव : कशाची? दोनदा मरणाऱ्या बाईला?

बेबीनंदा : हसू नका. तोंडाला रंग लावला की मी कोणाला भ्याले न्हाई आजपर्यंत. पण बिगर रंगाची तुमच्या गावात कधी फिरले न्हाई. अंधार पडल्यावर यायचे, उजाडायच्या आत निघायचे. तुमच्या गावात दुकानं कुठं, मंदिर कुठं, काही ठाऊक न्हाई मला. नाटकवाली बाई बिनानाटकाची आली तर लोक काय म्हणतील?

रामराव : म्हणतील, रामरावच्या घरी पाहुणी आली. अन् जे दुसरं काय म्हणतील, त्यांना मी उत्तर देईन.

अक्षता : द्याल ना नक्की? की तिथंही तातेरावकाकांची वाट बघाल?

रामराव : पोरी, ह्या डायलॉगला कोणी प्रॉम्प्टर नको मला.

बेबीनंदा : लई बोलते ही. तिच्या मनाला लावून घेऊ नका.

रामराव : बरोबर बोलते. तिनं इचारलं नसतं तर मी निरोप पिशवीतच घेऊन परत गेलो असतो. मंग काय सांगू घरी?

बेबीनंदा : थांबा, इचार करू द्या. ...जत्रेच्या राती न्हाई येणार मी. लोक म्हणतील, नाटकाच्या आशेनं आली. बाजाराच्या दिवशी येईन. दुपारी. बसस्टँडवर घ्यायला बी येऊ नका. भरल्या बाजारातून चालत येईन, हिरवं फाटक इचारत.

रामराव : या. फाटक उघडं ठिवतो.

अक्षता : मी पण येणार.

बेबीनंदा : चल की. अन् पुष्पाबाईला एक सांगा. त्या दिवशी चुलीपुढं बसू नको म्हणावं. इतकी वर्षं तिनं रात जागून केलं. आता माझ्या हातचं खाऊन बघ म्हणावं. भाकरी, वांग्याचं भरीत अन् ठेचा घेऊन येते मी. माझ्या घरून, माझ्या चुलीवरचं. यशोदेच्या न्हाई, बेबीनंदाच्या हातचं. चालंल का तुमच्या घरात? न्हाई म्हणलात तरी राग न्हाई. तुमच्यापुरतं अन् तिच्यापुरतं आणते, बाकीच्यांचं त्यांच्या मनावर.

रामराव : दोघांपुरतं नका आणू, बाई. कल्याण हाय, सून हाय, नातवंडं हायेत. आम्ही घरात सात माणसं खाणारी हावोत.