डुकरांच्या बादलीतलं पपनस

हॅलो?… हो, आ-लिंग, बोल… नाही, विसरलेलो नाही. नोंद घे. एकोणीस सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळचे सहा वाजून एकेचाळीस मिनिटे. पिशव्या चौदा. कचऱ्याची गाडी पन्नासला येईल… हो, हो, फोन शर्टाच्या खिशात ठेवतो. तुला सगळं ऐकू येईल.

अट पाठ आहे मला, बाळा. कचरा मी एकट्याने गाडीत टाकू शकलो, तर मी इथेच, ताइनानला राहणार. नाही जमलं, तर शनिवारी तू टेम्पो आणणार आणि मी तुझ्या तैपेईच्या अकराव्या मजल्यावर. बरोबर?… अगं, जावई चांगलेच आहेत, मी कुठे काय म्हणालो?

चौदा कशा म्हणजे?… काल बुधवार, गाडी नसते. शिवाय त्या माझ्या एकट्याच्या नाहीत. सहा घरांच्या आहेत… हो, सहा! अगं ऐक तर. आधी ऐक, मग ओरड.

पाय कापल्यावर चार महिने मी पंख्यासमोर बसून होतो. तू पाहिलंस. गाडीची धून वाजली की सगळी गल्ली पिशव्या घेऊन पळायची, आणि माझी पिशवी न्यायचं कोण? शेजारच्या श्ये वहिनी. ब्याऐंशी वर्षांच्या, कंबर काटकोनात. एकदा त्या माझ्या उंबऱ्यावरच धापा टाकत बसल्या. त्या रात्री मी पुन्हा कागद-पेन्सिल घेतली. तंत्रनिकेतनात मुलांना जन्मभर हेच शिकवलं ना, की भार उचलण्याआधी टेकू शोधा?

मग विजेच्या चाकखुर्चीमागे हातगाडी जोडली. लोखंडी अँगल, तुझ्या जुन्या सायकलची चाकं, आणि वर तरफ. बसल्या जागी दांडा दाबला की टोपली थेट कचऱ्याच्या गाडीच्या तोंडाशी… नाही, आता उलटत नाही. आधी उलटायची. टेकू मागे सरकवला… दमतो कसला? दुपारपासून वाट पाहत असतो.

ही बघ, धून! निघालो.

वहिनी, बाजूला व्हा, चाक पायावरून जाईल!… तुला नाही गं… मास्तर, तुमच्या घरच्या काचा वेगळ्या बांधल्यात ना? शाबास.

ऐकलंस? धप्प! पहिली टोपली… ही दुसरी… आता पिशव्या संपल्या. राहिली फक्त डुकरांसाठीच्या उरल्यासुरल्या अन्नाची बादली…

का हो बाई, काय झालं?… एक मिनिट, आ-लिंग. गाडीवरच्या बाई बादली घेत नाहीत… पपनस! परवाच्या पौर्णिमेच्या सणातली सालं कुणीतरी डुकरांच्या बादलीत टाकली आहेत. ती खताच्या कच्च्या कचऱ्यात हवीत, डुकरं तोंड लावत नाहीत त्यांना… कोणी टाकली?… वहिनी, तुम्ही? लहानपणी आमची आ-लिंग या सालांची टोपी घालायची, आता काय डुकरांना घालायची?

…बाई, थांबा! अहो, दोन मिनिटं!… गेली गाडी.

नाही, हरलो नाही. पुढचा थांबा देवळापाशी आहे, गाठता येईल. अडचण एवढीच, की खुर्ची चालवायची की सालं वेचायची? हात दोनच… वहिनींना पळता कुठे येतं?…

वहिनी, टोपलीत बसा… अहो, रिकामीच आहे! वजन किती तुमचं?… त्रेचाळीस? चाचणी साठ किलोची झाली आहे. बसा! बादली मांडीवर घ्या, सालं वेचा, त्या दुसऱ्या, खताच्या रिकाम्या बादलीत टाका… लाज कसली? या वयात कोण पाहतंय?… बरं, सगळी गल्ली पाहतेय. हात हलवा त्यांना!

आ-लिंग, आहेस ना?… हो, टोपलीत!… वहिनी, शिव्या नंतर द्या, आधी सालं… डावीकडे वळतोय, धरून बसा!…

बाई, घ्या. आता बघा, एक तरी साल दिसतंय?… घेतली! वहिनी, घेतली!

…हॅलो? रडतेस की हसतेस?… हं.

ऐक. मी खोटं बोलणार नाही. एकट्याने झालं नाही, त्यामुळे तुझी अट मोडली. पण अटीचं मापच चुकलं होतं, बाळा. चार महिने वहिनींनी माझी पिशवी नेली, आज मी वहिनींनाच नेलं. इथे एकटं राहायचं म्हणतंय कोण?… ठरव तू. तू म्हणशील ते मला मान्य…

…पुन्हा म्हण… टेम्पो नको? नक्की?… मग शनिवारी जेवायलाच या दोघं. पपनस मात्र आणू नका.

थांब, कुणीतरी हाक मारतंय… मागच्या गल्लीतले कुओ. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, विचारतायत, आमचाही कचरा न्याल का… हो कुओसाहेब, सोमवारपासून. सहापर्यंत दाराबाहेर ठेवा.

ठेवतो, आ-लिंग. घरं आता सात.