मीठ बघायचा मान

नाही, दही खायचं की नाही खायचं... एवढं एक मला कुणीतरी एकदाचं ठरवून सांगा! डॉक्टर म्हणतात खा. शेजारचा अल्पेश म्हणतो, "धरमाभाई, सूरज डूबने के बाद तो हाथ भी मत लगाना!" आमची सान्वी, म्हणजे मुलगी, मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणते, "पप्पा, डेअरी बंद! टोटल बंद!" आणि आमची मंदा... ती तर काही म्हणतच नाही, सरळ वाटीभर दही ताटात ठेवते आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहते. म्हणजे खाल्लं तर पोट चिडतं आणि नाही खाल्लं तर मंदा चिडते! तुम्हाला सांगतो, पोट माझं... पण मत सगळ्या भाईंदरचं!

आता पोटाला झालंय काय, ते ऐका. जेवलो की फुगतं. नुसतं फुगत नाही हो, बोलतं! मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला, तिथं पॉलिशची मशिनं चालू झाली की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, आणि तिथं, तिथं लोक मला विचारतात, "भाऊ, काही म्हणालात का?" मी कुठं म्हणालो? पोट म्हणालं! डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि म्हणाले, "धर्माजी, रिपोर्ट एकदम क्लीन. आतडं जरा नाजूक आहे. खाण्याचं काहीतरी एक धरा आणि तेच पाळा."

एक धरा! अहो, एक कुठलं? दवाखान्यातून घरी येईपर्यंत चार झाली होती! जिन्यात अल्पेश भेटला, त्याला म्हटलं असं असं आहे, तर माणूस असा खूश झाला, असा खूश झाला की मला वाटलं माझं पोट बिघडावं म्हणून यानं नवसच केला होता की काय. "कांदा-लसूण छोडो, अंधेरे से पहले खाना खाओ, बाद में बस उबाला हुआ पानी! मैं टिफिन भेजूँ?" वर घरी आलो तर सान्वीचं वेगळंच. "सोळा तास काहीच खायचं नाही पप्पा, मग आठ तास खायचं." म्हटलं, बाळा, कारखान्यातली पाळी सांगतेस की जेवण? मंदाचं म्हणणं, तिच्या माहेरी सगळ्यांची पोटं मऊ भात आणि मेतकुटावर ठणठणीत आहेत. केबिन रोडचा भाजीवाला, ज्याला मी काही विचारलेलंच नव्हतं, तो कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणतो, "अंकल, दूधी का ज्यूस!" पोट माझं, मत सगळ्या भाईंदरचं! आणि मी काय केलं असेल? मी सगळंच केलं! सकाळी दुधीचा रस, दुपारी मऊ भात, अंधार पडायच्या आत अल्पेशचा टिफिन, आणि मधले सोळा तास कुठे बसवायचे ते काही शेवटपर्यंत जमलं नाही. पोट तर असं भडकलं... विचारू नका!

शेवटी मीरा रोडला एक आहारतज्ज्ञ बसतात, सुचेता मॅडम, त्यांच्याकडे गेलो. आणि तुम्हाला सांगतो, पहिलं माणूस भेटलं ज्यानं मला काही सांगायच्या आधी विचारलं! "धर्माजी, असं काय आहे जे तुम्हाला सोडवणारच नाही?"

मी म्हटलं, "मीठ बघायचा मान."

आता हे तुम्हालाही सांगायला पाहिजे. आमचं गाव गुहागरकडचं. गावातले सगळे इकडे मीरा-भाईंदरला पसरलेले, त्यांचं मंडळ आहे, आणि मंडळाचं वर्षातून एकदा काशीगावच्या वाडीत जेवण असतं. मटण-वडे! हा एवढा मोठा टोप... माझ्याच कारखान्यातून आणलेला, बरं का, पॉलिश माझ्या हातची! तर रस्सा झाला की आचारी पळीभर घेऊन येतो, माझ्या तळव्यावर ओततो. सगळं मंडळ गप्प. पोरंसुद्धा गप्प. मी चाटतो, डोळे मिटतो, आणि हात वर करून सांगतो, "मीठ बरोबर!" मग पत्रावळी मांडायच्या, त्याच्या आधी नाही! आधी हा मान माझ्या वडिलांचा होता, त्यांच्यानंतर माझा. कारखान्यात मला कोण विचारतं? घरात कोण विचारतं, ते तर तुम्ही दह्याच्या वाटीवरून बघितलंच. पण त्या एका दिवशी, त्या टोपापुढे, मी म्हणजे... मी असतो हो! आणि माझ्या मागे जानू टपलेला. गावाकडे माझ्याच वाडीतला, चांगला माणूस, पण दरवर्षी म्हणणार, "भाऊ, दमलात तर सांगा, मी बघतो मीठ."

मॅडमनी सगळं ऐकलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी काही आठवडे कांदा, लसूण, गहू, दूध, चणे-राजमा बंद. मसाला कमी. तुमचं बीपी बघता मीठ निम्मं. मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, कोण गडबड करतो ते आपोआप कळेल. भात खा, बांगडा खा." बांगडा खा!! मी खुर्चीवरून उठलोच! "आणि जेवणाच्या दिवशी एक थेंब चाटलात तर चालेल. पण थेंबच हं!" अहो, आणखी काय पाहिजे माणसाला? ठरलं! हेच धरायचं! केबिन रोडवर त्या भाजीवाल्याला मी लांबूनच हात जोडले.

मंदाला सांगितलं, लसूण तेलात परतायचा आणि मग लसूण काढून टाकायचा, तेल तेवढं वापरायचं. तर ती म्हणते, "काढून टाकायचा? मग घालायचा कशाला? पाहुण्याला बोलावून दारातूनच परत पाठवायचं?" पण केलं हो तिनं, रोज केलं. बिनलसणाचं कालवण, निम्म्या मिठाचं. पहिल्या दिवशी जिभेला वाटलं, बांगडा शोकसभेला आलाय. पण हळूहळू... पोट गप्प! एके दिवशी कारखान्यात मशीन बंद पडलं, सगळीकडे शांतता, आणि मी कान देऊन ऐकतोय... काही नाही! मला इतका आनंद झाला, मी बाजूच्याला मिठीच मारली. तो म्हणतो, "भाऊ, बोनस झाला का?" म्हटलं, त्याच्याहून मोठं!

आणि आला जेवणाचा दिवस. काशीगावची वाडी, सगळं गाव जमलेलं, टोप रटरटतोय, वड्यांचा घाणा निघतोय, आणि मी इस्त्रीच्या शर्टात. आचारी पळी घेऊन आला. सगळे गप्प. मी मॅडमना मनात आठवलं, म्हटलं, "थेंबच!" थेंब तळव्यावर घेतला, चाटला, डोळे मिटले...

आई शप्पथ सांगतो, समुद्र! अख्खा समुद्र तोंडात!

मी ओरडलो, "खारट!!"

आचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "अहो भाऊ, नेहमीचंच घातलंय! मापाचं!" जानू पुढे आला. "भाऊ, मी एकदा बघू का?" तू? तू कसा बघशील? मान कुणाचा? मी टोपाला आडवा उभा राहिलो, "खारट म्हणजे खारट! पाणी घाला!" पाणी घातलं. परत एक थेंब. अजून खारट! बटाटे टाका! कणकेचे गोळे सोडा, मीठ ओढून घेतात! नारळाचं दूध घाला! मंडळाचे सगळे कार्यकर्ते धावतायत, बायका नारळ खवतायत, मी मध्ये उभा राहून हात हलवतोय... काय सांगू तुम्हाला, असा मान तर वडिलांनाही मिळाला नव्हता! आणि शेवटी जेव्हा जिभेला गोड लागलं, तेव्हा हात वर केला. "मीठ बरोबर!"

पंगत बसली. पहिला घास. सगळे गप्प. मला वाटलं, वा, चवीनं जेवतायत! तेवढ्यात आमच्या आनंदी काकू, गावातल्या सगळ्यात मोठ्या, त्या हळूच म्हणाल्या, "धर्मा... बाळा, जरा मीठ वाढ रे." मग पलीकडून, "इकडे पण." मग मागून, "इकडे पण मीठ!" आणि मग सगळी पंगत, "मीठ! मीठ!" मिठाच्या वाट्या संपल्या, पुडे संपले, जानू हायवेवरच्या हॉटेलातून मीठ मागायला पळाला. आणि मंदा, वाढता वाढता माझ्या कानाशी येऊन म्हणते, "अहो, टोप बरोबर होता. जीभ तुमची बदललीय. निम्म्या मिठावर ठेवलीय ना मी तिला इतके दिवस!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोटाला सुधारायला गेलो आणि जीभ बिघडवून बसलो! तिथं नारळाच्या करवंट्यांच्या ढिगाशेजारी उभा होतो आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. जानूला एकदा चाटू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही! मान! लगेच पुढच्याच रविवारी मंडळाची मीटिंग झाली, मटणाचं मीठ पुढच्या वर्षापासून जानू बघणार. मी काही बोललो नाही. काय बोलणार? पोटसुद्धा बोललं नाही.

आणि मग सुरू झाले फोन. पहिला आनंदी काकूंचा. "धर्मा, एक विचारू का रे? दरवर्षी त्या जेवणानंतर मला रात्रभर झोप नसते, छातीत नुसती जळजळ. यंदा काहीच नाही. असं काय घातलं होतंस?" दुसरा फोन मंडळाच्या खजिनदाराचा, आवाज दाबून बोलत होता, "भाऊ, बायकोला सांगू नका, पण त्या मॅडमचा पत्ता द्या." तिसरा, चौथा... अहो, निम्म्या मंडळाची पोटं बोलतात! प्रत्येकाला वाटतंय, एकट्याचंच! आणि एक दिवस दारात कोण? जानू! खिशातून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवतो. "भाऊ, मंडळानं ठरवलंय. पुढच्या वर्षी दोन टोप. एक मटणाचा, एक पथ्याचा. मटणाचं मीठ मी बघणार... पण जेवायला तुमच्याच टोपाकडे येणार."

"माझ्या?"

"मग! पथ्याच्या टोपाचा मान तुमचाच. सगळ्यांनी हात वर करून पास केलंय!"

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, मी तिथंच मंदाला हाक मारली, चहा टाकायला सांगितलं, बिनदुधाचा, आणि जानूला म्हटलं, बोल, त्या टोपात काय काय असणार? तो म्हणाला, मऊ भात, मुगाचं वरण, दुधी. कांदा नाही, लसूण नाही. आणि प्रत्येकाचं बीपी वेगळं, म्हणून मीठ ज्यानं त्यानं आपापलं वरून घ्यायचं, टोपात अजिबात घालायचं नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी तुम्ही काशीगावला जरूर या. इस्त्रीचा शर्ट घालून मी टोपापुढे उभा असणार, सगळं मंडळ गप्प असणार, पळीतला थेंब मी तळव्यावर घेणार, चाटणार, डोळे मिटणार... आणि ज्यात मीठच नाही, त्याचं मीठ बघणार!