झाकण

क्वीन्सलंडमधल्या आमच्या गावच्या कृषी प्रदर्शनात प्रवेशिका द्यायची रांग होती. माझ्यापुढे नोरीनबाई जेलीची बाटली घेऊन उभ्या होत्या, शेजारी त्यांचे यजमान लिंडसे फ्रेम सांभाळत.

“कसला रे हा फोटो? मावळतीचा?”

“अमूर्त विभागातला आहे. ओळख बघू. घरातलीच वस्तू आहे.”

“कोडी घालू नकोस. आणि या बाटलीचं झाकण दाबलं की टक्‌टक्‌ का वाजतंय?”

“वाजतंय का?”

“सील तुटलंय. परीक्षक आधी झाकणच दाबून बघतात. लिंडसे, तू माझी जेली उघडलीस?”

“खाल्ली नाही गं. झाकणामुळे वरून टॉर्चचा उजेड आत जात नव्हता. फोटो काढला आणि लगेच घट्ट लावलं.”

“या जेलीसाठी लाल अंबाडीची बोंडं सोलून बोटं रंगली माझी. आता ही बाद.”

“माहीत असतं तर हात लावला नसता.”

“म्हणजे हे लाल सगळं माझी जेली? आणि हे ठिपके?”

“तुझी किसणी. टॉर्चपुढे धरली होती.”

“दे इकडे. यात जेली कुठेच गढूळ दिसत नाही.”

“गढूळ असती तर उजेड आरपार गेला असता का?”

“त्या परीक्षक बाई दरवर्षी म्हणतात, चव छान, पण जरा गढूळ आहे. फोटो कुठे लावतात?”

“दारातच.”

“मग खाली लिही, नोरीनची जेली.”

“अमूर्त विभागात वस्तू सांगायची नसते.”

“मोठ्या अक्षरात लिही. तोवर मी या मागच्या मंडळींना चाखायला देते.”