नऊचे बारा

नाही, पण मला एक सांगा... माणूस सकाळी चहाचा कप घेऊन आपल्या कॉम्प्युटरपुढे बसतो, अजून एक घोटही घशाखाली गेलेला नाही, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो मेला चौकोन हजर! 'नवीन आवृत्ती आली आहे. आत्ता घेता की नंतर?' अहो, नंतर म्हणजे कधी नंतर? आमचा बहिरू गेली सहा वर्षं 'नंतर' दाबतोय! सहा वर्षांत माणूस समजून घेतो हो, चौकोन नाही घेत!

तुम्हाला सांगतो, बहिरू म्हणजे सरळ माणूस. अंबडला कंपनीत प्रेस मशिनवर, मूळचा विंचूरचा, राहायला नाशिकच्या सिडकोत, आणि वेड गाण्याचं. बेडरूममध्ये कपाटामागं भिंतीला एक गादी उभी केलीय, तिच्यापुढं टेबल, माईक आणि कॉम्प्युटर. आत कुणी शिंकलं तर खालच्या मजल्यावरून 'सत्य आहे' ऐकू येतं, पण म्हणायचं स्टुडिओ! तिथं हा हळदीची गाणी करतो, शाळांच्या गॅदरिंगची करतो, गणपती मंडळांची करतो, आणि सगळी करतो त्या एकाच सॉफ्टवेअरवर... आवृत्ती नंबर नऊ. बाजारात नंबर बारा आला, तरी हा नऊवर. विचारलं की म्हणायचा, "चालतंय ना? मग खाजवून खरूज कशाला काढायची!"

आणि त्यालाही कारण होतं बरं का! कंपनीत एकदा एका साहेबानं चांगली चालणारी प्रेस 'सुधारली', तर तिनं पुढं चार दिवस एक वायसर धड कापला नाही. ते बहिरूच्या मनात बसलं ते बसलंच.

पण निकिताचं लग्न ठरलं आणि घोळ झाला. निकिता म्हणजे बहिरूच्या आत्याची नात. ही आत्या, यशोदाबाई... काय सांगू तुम्हाला! विंचूरच्या कांदा मार्केटात तीस वर्षं काढलेली बाई. पाच ट्रॅक्टर सुरू असले तरी सहाव्याच्या ड्रायव्हरला हिची हाक ऐकू जाते, आणि तो उतरून येतो! पण हळदीचं गाणं म्हणायला लागली की तोच आवाज असा मऊ होतो, की आपण कुणाच्या तरी लग्नात उगाच रडून घेतो. तर निकिता म्हणाली, "काका, माझ्या हळदीला आजीचंच गाणं पाहिजे. डीजेवर!"

बहिरू खूश. म्हणाला, "आत्या, चल नाशिकला, माझ्या स्टुडिओत."

आत्या म्हणाली, "त्या गादीमागं? मला काय कोंडून घालायचं हाय का, बहिऱ्या? गायचं तर मी माझ्या चुलीपाशी गाईन!"

चूल कसली, गॅस आहे! पण बोलणार कोण? बहिरू गेला विंचूरला, फोन ठेवला डब्याला टेकवून, आणि आत्या एका बैठकीत चार कडवी गायली. गाणं सुरेख! पण गाण्यात कुकर. गाण्यात मिक्सर. गाण्यात शेजारची शेळी, आणि ती शेळी बरोबर समेवर! आता नऊ नंबरवर हा काय काय करणार? शिट्टी कमी केली की आत्या कमी, आत्या वाढवली की शिट्टी डोक्यावर. आठ दिवस, तुम्हाला सांगतो, आठ दिवस हा माणूस त्या शिट्टीशी झुंजत होता!

शेवटी गेला कॉलेज रोडला, रोहितकडे. रोहितचा स्टुडिओ म्हणजे खराखुरा, एसी वगैरे. पोरगं तिशीचं, केसांची शेंडी बांधलेलं. म्हणालं, "काका, नऊ? अजून नऊ? अहो, बाराला एक बटण आहे. दाबलं की गळा एकीकडं, बाकी गोंगाट एकीकडं. लोणी वेगळं, ताक वेगळं!"

"आणि माझी जुनी गाणी? ती उघडतील?"

"उघडतील की... बहुतेक."

बहुतेक! आता 'बहुतेक' हा काय शब्द झाला का? डॉक्टर म्हणाला 'बहुतेक शुद्धीवर याल', तर तुम्ही टेबलावर झोपाल का? अकरा वर्षांची गाणी त्या डब्यात! बहिरू तसाच घरी आला, जेवताना भातावर ताकाऐवजी पाणी ओतलं आणि खाल्लंही. नऊ बरा. नाही, बारा. छे, नऊच! चालतंय ना? मग खाजवून खरूज कशाला?

त्याची बायको स्नेहल म्हणाली, "घेऊन टाका हो एकदाचं! आठ दिवस झोपेत बडबडताय, नऊ, बारा, नऊ, बारा... शेजारच्यांना वाटेल आकडा लावता!"

शनिवारी हळद. शुक्रवारी बहिरूनं अर्धी सुट्टी टाकली, सगळी गाणी तीन-तीन पेनड्राइव्हवर काढून ठेवली, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, आणि डोळे मिटून... दाबलं! ती पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. चाळीस. नव्व्याण्णव... आणि नव्व्याण्णववर थांबली! थांबली म्हणजे अशी थांबली, जसा मानपानावरून रुसलेला जावई! स्नेहलनं तेवढ्यात भाजी निवडून, चिरून, फोडणीला टाकली, तेव्हा कुठं तो जावई उठला.

आणि उघडलं! सगळं उघडलं! अकरा वर्षांची गाणी जशीच्या तशी! मग त्यानं आत्याचं गाणं घेतलं आणि ते बटण दाबलं. शिट्टी गेली. मिक्सर गेला. शेळी गेली. राहिली एकटी आत्या...

'हळद लावू किती, लेकी, हात आखडे गं माझा...'

'लेकी' म्हणताना आत्याचा आवाज एवढासा थरथरत होता हो. फोनवर कधी कळलंच नव्हतं, शिट्टीखाली गेलं होतं ते. बहिरूनं कानावरचा हेडफोन काढला आणि डोळे पुसत बसला. पहिलंच कडवं ऐकून एवढं भरून आलं, की पुढचं ऐकलंच नाही. तिसऱ्या कडव्यानंतर मोठी शिट्टी होती, हे त्याला पाठ. आता शिट्टी नाही म्हणजे काही नाही! त्यानं सनई लावली, ढोलकी लावली, आणि गाणं धाडलं डीजेवाल्याकडं.

शनिवारी संध्याकाळी लॉन्सवर दोन्हीकडची माणसं. नवऱ्या मुलाकडचे देवळ्याचे. मुलाची आई मोहिनीताई, पिवळी पैठणी, नथ, गजरा, कोपरापर्यंत बांगड्या! डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरवर गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्याला बाया गप्प. दुसऱ्याला पदर डोळ्यांना. तिसरं संपलं, ढोलकी थांबली, आणि त्या शांततेत, घंटेसारखा स्वच्छ, आत्याचा आवाज...

"अगं, ती वरमाय बघितली का साखरपुड्याला? एवढी नटली, मला वाटलं नवरी हीच! आन् हसती कशी... जणू दात मोजून घ्या म्हणती!"

मेलो! अहो, शिट्टीच्या आडून आत्या शेजारी मिक्सर लावणाऱ्या सुनेच्या कानात कुजबुजली होती, आणि त्या बटणाला काय कळतंय? त्याला गळा म्हणजे गळा. गाणं काय आणि कुचाळकी काय!

तीनशे माणसांच्या माना मोहिनीताईंकडं. निकिताच्या गालावरची हळद तेवढी दिसत होती, खालचा चेहरा पांढरा. बहिरू खुर्चीमागं बसला, अक्षरशः खाली बसला, आणि मनात एकच... चालत होतं ना? चालत होतं ना रे!

तेवढ्यात आत्या ओरडली, "मी नाय बोलले!"

त्याच आवाजात! सहाव्या ट्रॅक्टरपर्यंत जाणाऱ्या!

मोहिनीताई उठल्या. बांगड्या वाजवत सगळा मांडव ओलांडून आत्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. आत्यानं पदर सावरला. आणि मोहिनीताईंनी काय करावं? तोंड उघडलं, चांगलं आ करून, म्हणाल्या, "घ्या आजी, मोजा! बत्तीस हायेत का बघा!"

आत्या म्हणाली, "एक सोन्याचा हाय की गं!"

आणि दोघी जी हसायला लागल्या... एकमेकींना धरून! सगळा लॉन्स हसला. मोहिनीताई ओरडल्या, "ए डीजे, परत लाव! तेवढंच लाव!" सात वेळा लावलं हो! आणि सातव्या वेळी वरमाय आणि आत्या, दोघी हळदीनं माखून, 'दात मोजून घ्या'वर फुगडी घालत होत्या!

झालं, बहिरूचं नाव झालं. पिंपळगावपासून नांदगावपर्यंत फोन. पण त्या दिवसापासून आत्याला कळलंय, की फोन सगळं ऐकतो. आता ती कुणाबद्दल वाकडं बोलतच नाही! 'माझी सून म्हणजे सोनं. शेजारीण म्हणजे देवमाणूस.' घरचे हादरलेत! परवा वहिनीचा, म्हणजे आत्याच्या सुनेचा, बहिरूला फोन आला. रडकुंडीला आलेली.

"भावजी, सासूबाई तीन आठवडे माझ्याशी गोड बोलतायत. मला घास जात नाही हो! त्यांना डॉक्टरकडं नेलं, ते म्हणतात सगळं नॉर्मल हाय. तुम्ही ते जुनंच टाका ना परत!"

बहिरू म्हणाला, "वहिनी, आता काय सांगू... नवं एकदा टाकलं ना, की जुनं परत येत नाही."