जाब्लोन्स्कींच्या घरचा हनिमून

...नाही, पण लोकरीच्या आतल्या चड्ड्या किती न्यायच्या यावर आमची बैठक चालली होती, म्हणजे मी नुसता बसलो होतो आणि ते बोलत होते, सासरे, तिन्ही मेव्हणे, सगळे माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या टेबलाभोवती, माझी कॉफी पीत, आणि विषय काय, तर माझ्या चड्ड्या... आणि हे सगळं कशासाठी? तर माझ्या हनिमूनसाठी. तुम्हाला सांगतो, माणसानं लग्न करावं, जरूर करावं, पण पोरीच्या घरी बंदुका किती आहेत ते आधी विचारून घ्यावं.

आमचं लग्न जूनमध्ये झालं. जूनमध्येच का? कारण विस्कॉन्सिनच्या आमच्या या कोपऱ्यात नोव्हेंबरात, म्हणजे हरणांच्या मोसमात, लग्न ठेवलंत तर पाहुण्यांचं सोडा, पाद्रीसुद्धा मचाणावर असतो. सप्टेंबर म्हणावं तर धनुष्यबाण निघतात, ऑक्टोबरात बदकं, मे महिन्यात रानटर्की... मी नुसतं 'सप्टेंबर' म्हणालो तर सासरे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी चर्चमध्ये शिंकलो. क्लेम जाब्लोन्स्की, माझे सासरे, बोलायला कमी, बघायला फार. मग म्हणाले, ''जूनमध्ये ठेवा. जूनमध्ये फक्त मासे असतात. मासे काय, थांबतील तासभर.'' तो तासभर म्हणजे आमचं लग्न बरं का.

आणि राहतो कुठं आम्ही? सासऱ्यांच्या जमिनीवर, त्यांच्या गोठ्यामागं. घर छान आहे, तक्रार नाही, फक्त स्वयंपाकघरात जो भलामोठा फ्रीझर आहे ना, तो त्यांचा. सगळ्या खानदानाचं हरणाचं मांस त्यात. आता जाब्लोन्स्कींमध्ये दार वाजवायची पद्धत नाही. सकाळी मी अंघोळ करून टॉवेलवर बाहेर येतो तर थोरला मेव्हणा डेल फ्रीझरमध्ये कमरेपर्यंत वाकलेला, आणि तसाच आतून म्हणतो, ''चालू दे तुझं लोवेल, मी फक्त एक मांडी न्यायला आलोय.'' काय चालू देऊ? टॉवेलवर माणूस काय चालू देणार?

मला फार काही नको होतं हो. ट्रिना आणि मी, दोघंच, कुठंतरी लांब, आणि मध्ये एकही जाब्लोन्स्की नको. ती पण जाब्लोन्स्कीच आहे, मान्य, पण तेवढी एक चालेल. मला ती सकाळी उठून काय बोलते ते ऐकायचं होतं. घरात ऐकूच येत नाही, फ्रीझरचं झाकण आपटत असतं.

तर न्यूझीलंड तिनंच काढलं. लहानपणापासून तिच्या डोक्यात तिथला तो लालसर हरणाचा नर, घोड्याएवढा, डोक्यावर शिंगांचं अख्खं झाड. आणि माझ्या डोक्यात तळी, समुद्रकिनारा, आणि वाळूत आडवा पडलेला मी. ती म्हणाली, ''अर्धे दिवस मी म्हणेन तिथं, वाटाड्या घेऊन शिकारीला. अर्धे दिवस तू म्हणशील तिथं, देखावे बघायला. चालेल?'' न चालायला काय झालं? मी म्हणालो, तू म्हणत असशील तर मी चिखलात पोटावर सरपटेन. खरंच म्हणालो. नवीन लग्न होतं.

महिना ठरला डिसेंबर. इकडचा बंदुकीचा मोसम तोवर संपतो आणि मी शाळेत भूगोल शिकवतो, मला नाताळचीच सुट्टी, त्यामुळे दोन्ही बाजू खूश. गावातल्या तिकिटं काढून देणाऱ्या बाईकडून विमान, तळ्याकाठचं हॉटेल, डोंगरातली शिकारीची झोपडी, सगळं पक्कं करून टाकलं. आणि ते पक्कं झाल्या क्षणापासून तो आमचा हनिमून राहिला नाही, ती जाब्लोन्स्की घराण्याची स्वारी झाली. रोज रात्रीचं जेवण झालं की सगळे हजर. ट्रिनानं कुठली बंदूक न्यायची. वाऱ्याकडे तोंड करून बसायचं की पाठ करून. मी खोकलो तर काय करायचं. यावर अख्खी एक संध्याकाळ गेली, माझ्या खोकल्यावर, आणि मला खोकला नव्हताच... आणि म्हणे हा हनिमून.

मी एकदा म्हणालो, हळूच म्हणालो, ''क्लेम, तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो.''

सगळे थांबले. डेलनं बापाकडे बघितलं, बापानं डेलकडे.

''डिसेंबरात?'' सासरे म्हणाले.

''हो. ते पृथ्वीच्या खालच्या बाजूला आहेत ना, तिकडे उलटं असतं.''

''बरं,'' सासरे म्हणाले, अगदी मायेनं, वेड्या माणसाशी बोलतात तसं, ''ते शाळेतलं शाळेत ठेव. डोंगरात बसलं की थंडी वाजतेच. डेल, त्याला तुझ्या जाड चड्ड्या दे.'' आणि अशा रीतीनं मेव्हण्याच्या चड्ड्या माझ्या बॅगेत आल्या. बॅग हनिमूनची.

शेवटी सासऱ्यांना वाटलं, त्या वाटाड्याशी एकदा आपण बोललेलं बरं. फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू, सगळे भोवती, चर्चमध्ये नसते इतकी शांतता. वाटाड्याचं नाव कॅलम, आवाज मोठा गोड. सासऱ्यांनी घसा साफ केला आणि थेट मुद्द्याला हात घातला. ''डिसेंबरात तुमचे नर माजावर कितपत असतात?''

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

''डिसेंबरात?'' कॅलम म्हणाला. ''अहो, डिसेंबरात तर शिंगं कोवळी असतात. वर मखमल असते, हात लावला तर मऊ लागतात. ती कोण मारणार? नर माजावर येतात ते एप्रिलच्या सुमाराला. डिसेंबरात इथं उन्हाळा असतो ना.''

कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. एकानंही नाही.

''मग तुम्ही डिसेंबरचं घेतलंत कसं?'' सासऱ्यांनी विचारलं.

''हनिमून म्हणून सांगितलं होतं त्या बाईंनी,'' कॅलम म्हणाला. ''मला वाटलं, देखावे बघायला येताय, जाता जाता एखादी बकरी माराल.''

बकरी! क्लेम जाब्लोन्स्कींच्या मुलीला बकरी! सासरे खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. आता बघा, ही अशी माणसं आहेत की आमच्या जंगलातला कुठला नर कुठल्या झाडावर कधी शिंगं घासतो हे त्यांना झोपेत विचारा, सांगतील, आणि चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की उन्हाळा उलटला तर हरीणही उलटेल. पृथ्वी गोल आहे हे त्यांना मान्य होतं. फक्त ते हरणांनाही लागू आहे हे कुणी गृहीत धरलं नव्हतं.

कॅलमला बिचाऱ्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला, ''थांबा, एप्रिलमध्ये कसं असतं ते ऐकवतो,'' आणि त्यानं कधीतरी टिपलेला आवाज लावला. तो नर डुरकत होता. खोल, घोगरा, जुना ट्रॅक्टर चढावर अडकून रडावा तसा आवाज. मला तर पोटात दुखणाऱ्या माणसाची आठवण झाली. आणि मी सहज ट्रिनाकडे बघितलं. तिनं हातातला कप तसाच धरला होता आणि तिचा चेहरा... काय सांगू तुम्हाला. तो चेहरा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मी समोर उभा असून पाहिला नव्हता. तेव्हाच मला कळलं की आपलं काही खरं नाही.

तरी त्या पोरीनं शब्द पाळला बरं का. रात्री म्हणाली, ''जाऊ दे लोवेल. डिसेंबरात जाऊ आपण, नुसते देखावे बघू, दोघंच.'' मी इतका सुखावलो, तुम्हाला सांगतो, त्या चड्ड्या बॅगेतून काढून फ्रीझरवर ठेवल्या. पहिल्यांदा तो हनिमून हनिमूनासारखा दिसायला लागला. सकाळपर्यंत टिकलं ते. सकाळी डेल आला, मांडी न घेता आला, म्हणाला, ''बाबांनी एप्रिलचं ठरवलं. आम्ही सगळे चाललोय. ट्रिनाची जागा धरली आहे.''

आता ट्रिना कागदाच्या गिरणीत कामाला, तिला रजा मिळणार एकदाच. मला एप्रिलमध्ये सुट्टी नाही, परीक्षा तोंडावर. तिकिटाच्या बाई म्हणाल्या, तारीख बदलता येणार नाही, हवं तर नाव बदलून देते. ट्रिना माझ्याकडे बघत ओठ दाबून बसली होती. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू, फार राग आला होता. पण तो आवाज ऐकतानाचा तिचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. मी म्हणालो, ''जा तू.'' ती गळ्यात पडली आणि रडली. म्हणाली, ''मी तुला सगळं सांगेन, एकेक गोष्ट.'' हनिमूनची हकिकत बायकोकडून ऐकणारा जगात मी पहिलाच असेन.

राहिली माझ्या शेजारची डिसेंबरची जागा. कुणाला द्यायची? मित्राला? हनिमूनच्या खोलीत? असं सगळं चाललं होतं आणि सासूबाई, बर्निस, सिंकपाशी पाठ करून उभ्या होत्या. नळ चालू, सिंकमध्ये एक भांडं नाही. या बाईला तुम्ही ओळखत नाही. दर नोव्हेंबरात सगळे पुरुष आणि ट्रिना रानातल्या खोपटात जातात आणि ही एकटी घरी, सँडविचं बांधून देते आणि आल्यावर रक्ताचे कपडे धुते. मी असंच तिला मागं एकदा विचारलं होतं, ''तुम्ही कुठं गेला होतात हनिमूनला?'' तर म्हणाली, ''खोपटात. क्लेमचे भाऊ होते सगळे. माझ्या हातचा स्ट्यू त्यांना फार आवडला.'' हसून म्हणाली, म्हणून मीही तेव्हा हसलो होतो.

मी विचारलं, ''बर्निस, तुम्ही याल?''

''मला कुठं जमतंय,'' ती म्हणाली. नळ बंद केला. मग पुन्हा चालू केला. ''तळं मोठं आहे का रे ते?''

झालं. आता परवा आमचं विमान. आणि काल त्या हॉटेलातल्या मुलीचा फोन, अगदी मंजुळ, ''सर, आपलं हनिमूनचं पॅकेज आहे, तर बोटीवर दोघांचं जेवण, आणि पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या...'' मी तिला सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाली, ''दोन वेगळ्या खोल्या देते, सर. पाकळ्या रद्द करू ना?''

मी 'हो' म्हणणारच होतो. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, ''कशाला रे रद्द? आजवर कुणी टाकल्या नाहीत.''

तेव्हा पाकळ्या आहेत. त्यांच्या खोलीत.